यजितखत: जुन्या निवाड्यांतील नीतीचें स्वरूप

नीति म्हणजे काय, ती कोठून उत्पन्न होते, आणि तिचें बंधन मनुष्यावर कां चालतें, हे प्रश्न तत्त्ववेत्त्यांचे म्हणून समजले जातात. इतिहाससंशोधकानें त्यांत हात घालूं नये, आपल्या मित्या, मुद्रा आणि मोडी वाचन एवढेंच संभाळावें, असा एक समज आहे. आम्हांस तो बरोबर वाटत नाहीं. ग्रंथांत नीति सांगितलेली असते. दप्तरांत ती कसोटीस लागलेली असते. वतन जाण्याची वेळ आली असतां माणसें काय बोललीं, कोणास भ्यालीं, कोणापुढें लाजलीं आणि शेवटीं कशापुढें मान तुकवून घरीं गेलीं, हें ज्या कागदांत उतरलें आहे ते कागद आमच्या वाचकांच्याच रुमालांत बांधलेले आहेत. त्यांपैकीं एका दुर्लक्षित प्रकारच्या कागदावरून नीतीच्या स्वरूपाविषयीं जें अनुमान निघतें तें येथें मांडण्याचा हेतु आहे. तो कागद म्हणजे यजितखत. वादांत हरलेल्या पक्षानें लिहून द्यावयाची कबुली.

प्रथम शब्दांकडे पाहूं. आज आपण ज्या अर्थानें नीति हा शब्द योजतों त्या अर्थानें तो जुन्या निवाड्यांत सहसा आढळत नाहीं. रामचंद्रपंत अमात्यांच्या नांवें प्रसिद्ध असलेल्या, शके १६३७ च्या सुमाराच्या आज्ञापत्राचा विषय नीति हाच आहे, परंतु ती राजनीति. संतांच्या वाणींतही नीति आहे, परंतु ती उपदेशाची. तंटा उभा राहिला म्हणजे कागद निराळेच शब्द बोलूं लागतो. इमान, नेकी, बदअमल, हरामखोरी हे शब्द एका भाषेंतून आलेले. पाप, दोष, शपथ, क्रिया हे दुसरींतून. आणि लिहिणाऱ्यास त्यांची सरमिसळ करतांना कांहीं विसंगत वाटत नाहीं. या शब्दांत एक गोष्ट समान आहे. इमान कोणाशीं तरी राखावयाचें असतें. हरामखोरी कोणाच्या तरी अन्नाशीं होते. शपथ कोणापुढें तरी घ्यावयाची असते. एकट्या माणसाच्या अंतःकरणांत वसणारा, कोणाशींही संबंध नसलेला असा सद्‌गुण या कागदांस ठाऊक नाहीं. नीति ही येथें दोघांमधली वस्तु आहे, आणि तिला तिसरा पाहणारा लागतो.

याहून जुनी पायरी पाहावयाची तर गधेगाळीचे दगड पाहावे. शिलाहार व यादव यांच्या काळांत दिलेलें दान पुढें कोणी मोडूं नये म्हणून त्या शिळेवर गाढव आणि स्त्री यांचें चित्र कोरीत, आणि दान मोडणाराच्या मातेस उद्देशून शिवी लिहीत. कोंकणांत व देशावर असे दगड शेताच्या बांधावर, देवळाच्या आवारांत अजून सांपडतात. तेथें दानाचें रक्षण धमकीवर सोपविलेलें आहे, आणि ती धमकी अशा स्त्रीच्या अब्रूवर उभी आहे कीं जिचा त्या व्यवहाराशीं कांहींएक संबंध नाहीं. हा दगड मनुष्याकडून कांहीं वदवून घेत नाहीं. तो त्यास फक्त भिववितो. भय ही नीतीची एक मर्यादा होऊं शकते, परंतु तें तिचें मूळ नव्हे, हें पुढील काळाच्या न्यायपद्धतीकडे पाहिलें असतां स्पष्ट होतें.

त्या पद्धतीची रूपरेषा वाचकांस परिचित आहे, तरी प्रस्तुत मुद्द्यापुरती ती पुन्हां सांगतों. वाद दाखल झाला कीं वादी व प्रतिवादी या दोघांकडून प्रथम राजीनामा घेत. आज या शब्दाचा अर्थ नोकरी सोडण्याचें पत्र असा झाला आहे; त्या काळीं त्याचा अर्थ अमुक सभा जो निवाडा करील तो मान्य करण्यास आपण राजी आहों, असें लिहून देणें हा होता. मग जामीन घेत: पक्षकार हजर राहील याबद्दल एक, आणि निवाड्याप्रमाणें वर्तेल याबद्दल दुसरा. नंतर दोघांच्या तकरिरी, म्हणजे आपापल्या हकीकती, लिहून होत. सभेचें नांव गोत. हा शब्द येथें केवळ भाऊबंदांचा वाचक नाहीं. देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी, शेटे, महाजन, बारा बलुते असे त्या स्थळाशीं वतनानें बांधलेले सर्व लोक त्यांत बसत, आणि दिवाणाचे अंमलदार त्यांच्याबरोबर असत. झाल्या सभेचा जो महजर होई त्यावर लिहिणारा आपलें नांव लिही, आणि न लिहिणारा आपली निशाणी करी: पाटलाचा नांगर, वाण्याची तागडी, शिपायाची कट्यार, न्हाव्याचा आरसा, आणि वतनदार स्त्री असेल तर तिची बांगडी. मनुष्य ज्या हत्यारावर पोट भरी तेंच त्याच्या सत्यवचनाची खूण म्हणून कागदावर उतरे. आपल्या संग्रहांतील महजर उलगडतांना या निशाण्या केवळ शोभेच्या समजून कोणी पुढें जाऊं नये.

गोत पक्षपाती होऊं शकतें हें त्या लोकांस ठाऊक होतें. गांवचें गोत आपल्या प्रतिपक्षास मिळालें आहे अशी तक्रार करून परस्थळ मागण्याचा अधिकार पक्षकारास होता, आणि तशी मागणी अनेक वादांत झालेली आढळते. म्हणजे बहुमत तेंच सत्य असें कोणी मानीत नव्हतें. पुराव्याचा क्रमही शास्त्रानें लावून दिलेला होता. याज्ञवल्क्यस्मृति आणि तिजवरील विज्ञानेश्वराची मिताक्षरा यांप्रमाणें लिखित, भुक्ति आणि साक्षी हीं तीन मानुष प्रमाणें. तीं नसतील तेव्हां दिव्य. साक्षीदारास सांगत कीं तुझ्या बोलण्याकडे तुझे बेचाळीस पूर्वज डोळे लावून आहेत. खरें बोललास तर ते तरतील, खोटें बोललास तर बुडतील. येथें गधेगाळीचें भय आहे, परंतु त्याचें रूप पालटलें आहे. आतां धमकी शिवींत नाहीं. साक्षीदाराच्या पाठीशीं आणखी एक अदृश्य गोत उभें केलें आहे, आणि त्यानें बोलावयाचें आहे तें त्यांच्यासमोर.

दिव्याविषयीं दोन शब्द सांगितलेच पाहिजेत, कारण जुन्या न्यायाचें नांव काढतांच आजच्या वाचकाच्या डोळ्यांपुढें कढत तेलाचें भांडें उभें राहतें. रवादिव्यांत तापलेल्या तेलतुपांतून धातूचा लहान रवा हातानें काढावा लागे. आधीं हात धुवून, नखें काढून, हातावरचे जुने व्रण पाहून ठेवीत. नंतर हातास पिशवी घालून ती मोहरबंद करीत आणि नेमल्या दिवशीं सभेपुढें सोडीत. हात शुद्ध निघाला तर मनुष्य खरा, फोड आले तर खोटा. कातडीचा सत्याशीं संबंध नाहीं, हें आज सांगण्याची गरज नाहीं. या रीतीनें किती निरपराध मनुष्यें खोटीं ठरलीं असतील याचा विचार मनांत आला म्हणजे या पद्धतीचें कौतुक करण्यास जीभ वळत नाहीं. तरी इतकें लक्षांत ठेवावें कीं दिव्य हा शेवटचा उपाय होता, आणि दिव्य करण्यास नकार देणारा पक्ष हरला असें समजत. भांड्यापुढें उभा राहून मनुष्य जें ठरवी तें त्याच्या कातडीनें नव्हे, त्याच्या मनानें ठरलेलें असे. दिव्याचा जो कांहीं उपयोग झाला असेल तो त्या क्षणीं झाला; तेल तापल्यानंतर जें घडलें तो केवळ दैवाचा भाग.

आतां यजितखताकडे येऊं. निवाडा झाला, जिंकणाऱ्यास निवाडपत्र मिळालें, त्यानें हरकी भरली, हरणाऱ्यानें गुन्हेगारी भरली; आजच्या रीतीनें पाहतां येथें काम संपलें. त्या काळीं तें येथें संपत नसे. हरलेल्या पक्षाकडून, त्याच्या नांवें व त्याच्या निशाणीनें, असें लिहून घेत कीं आपण या वतनाशीं कथळा केला तो खोटा, आपला यांत कांहीं अर्थाअर्थी संबंध नाहीं, आणि पुढें आपण किंवा आपल्या वंशजांनीं पुन्हां हा वाद सांगूं नये. हें यजितखत जिंकणाऱ्याच्या हातीं जाई आणि त्याच्या दप्तरांत निवाडपत्राच्या शेजारीं राही.

दिवाणाचा हुकूम, गोताचा महजर, प्रसंगीं देवाचा कौल, एवढें सर्व हातीं असतां आणखी हरणाऱ्याच्या कबुलीची गरज काय होती? व्यवहारदृष्ट्या उत्तर सोपें आहे: पुढच्या पिढींत तोच तंटा उकरून निघूं नये. वतनाचे वाद दोनदोन, तीनतीन पिढ्या चालत, राज्यें बदललीं तरी चालत. परंतु एवढ्यानें समाधान होत नाहीं. तंटा मिटविण्यास राजमुद्रा पुरेशी असती, तर राजमुद्रा असलेला कागद हातीं असूनही लोक यजितखतासाठीं अडून बसले नसते. आमच्या मतें यामागें अशी समजूत आहे कीं दुसऱ्यानें खोटें ठरविलेला मनुष्य अर्धाच खोटा ठरतो. त्यानें स्वतः ‘मी खोटें सांगितलें’ असें म्हटलें म्हणजेच सत्य पुरें होतें, आणि तो मनुष्यही पुन्हां गोतांत बसण्यास योग्य होतो. राजीनाम्यानें वादाचा आरंभ होतो आणि यजितखतानें शेवट. दोन्हींकडे पक्षकाराचा स्वतःचा शब्द आहे. मधल्या सर्व यंत्राचें काम एवढेंच कीं मनुष्यास आपल्याच तोंडानें सत्याशीं आणून भिडवावें. या कागदांतील नीतीचें स्वरूप आम्ही असें समजतों: ती भयानें जागी होते, लाजेनें टिकते, परंतु पुरी होते ती आपण होऊन दिलेल्या कबुलीनें.

यावर एक आक्षेप उघड आहे, आणि तो आम्ही लपवूं इच्छीत नाहीं. ज्याचें वतन गेलें, ज्यास दंड झाला, ज्याचा जामीन अडकून पडला, त्यानें लिहून दिलेली कबुली आपण होऊन दिलेली कशी म्हणावी? शिवाय आज उपलब्ध असलेले कागद बहुतेक जिंकणाऱ्यांच्या घरांतले आहेत. हरणाऱ्याच्या घरीं यजितखत लिहिणाऱ्या हातानें त्या रात्रीं काय केलें असेल, तें कोणत्याच रुमालांत बांधलेलें नाहीं. हा आक्षेप खरा आहे, आणि त्यामुळें प्रत्येक यजितखत हा पश्चात्तापाचा पुरावा धरतां येत नाहीं. परंतु आमचा सिद्धांत त्याच्या अंतःकरणाविषयीं नसून समाजाच्या अपेक्षेविषयीं आहे. जबरीनें का होईना, पण कबुलीच मागितली. केवळ आज्ञापालनावर भागलें नाहीं. जेथें मनुष्याच्या आंतील संमतीस किंमत नसते तेथें ती मिळाल्याचा कागद करून ठेवण्याचा खटाटोप कोणी करीत नाहीं.

याहून मोठा दोष निराळाच आहे, आणि तो गोताच्या घडणींतच आहे. शिवेचा तंटा पडला म्हणजे ज्याची साक्ष विशेष मोलाची समजत तो गांवचा महार. गांवची शीव कोठून कोठें जाते हें त्यास ठाऊक असे. शेतची माती डोक्यावर घेऊन सीमा चालावी हा विधि स्मृतींतही आहे. आणि ज्या वाटेनें तो चाले ती शीव म्हणून दोन गांवें मान्य करीत. महजरावर त्याचीही निशाणी येई. म्हणजे दोन गांवांच्या जमिनीचा निर्णय ज्याच्या पावलांवर आणि इमानावर टाकला, त्यास निर्णय झाल्यावर देवळाची पायरी चढण्याची किंवा पाणवठ्यावर हात लावण्याची मुभा नव्हती. त्याचा शब्द शुद्ध होता, स्पर्श अशुद्ध होता. ही विसंगति त्या सभेंत बसलेल्या शहाण्या माणसांस दिसली नसेल असें आम्हांस वाटत नाहीं. परंतु तिच्याविषयीं एकही यजितखत गोतानें कधीं लिहून दिलें नाहीं. जी नीति दोघांमधली वस्तु आहे आणि तिला पाहणारा तिसरा लागतो, तिचा हाच कच्चेपणा आहे: पाहणारे सर्व एकाच दोषांत बुडालेले असले म्हणजे तो दोष कोणासच दिसत नाहीं. पुढें इ. स. १९२७ च्या मार्च महिन्यांत महाड येथें डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं हजारों लोकांसह चवदार तळ्याचें पाणी घेतलें, तेव्हां जुन्या गोतास जी गोष्ट कोणी विचारली नव्हती ती उघड्यावर विचारली गेली. महारवतन पुढें १९५८ च्या मुंबई कायद्यानें रद्द झालें. वतनाबरोबर बांधलेली साक्ष संपली. तिची कबुली मात्र गोताच्या वतीनें अद्याप इतिहासकारांनीं लिहावयाची आहे.

गोताच्या या कच्चेपणास वरून आधार देण्याचें काम चांगला राजा करी. रांझ्याचा मुकादम बाबाजी भिकाजी गुजर याजविषयीं इ. स. १६४६ चें शिवाजी महाराजांचें पत्र सर्वांस माहीत आहे. पत्रांत अपराधास बदअमल एवढेंच म्हटलें आहे; कथेंतला पुढील तपशील पत्राचा नव्हे. हातपाय तोडण्याची शिक्षा झाली हें सर्व सांगतात. परंतु शिक्षेनंतर त्या पंगु मनुष्यास त्याच्याच गोतांतील सोनजी गुजर याच्या हवालीं करण्याची व्यवस्था त्याच पत्रांत आहे, तिकडे कमी लक्ष जातें. दुसरें पत्र ५ सप्टेंबर १६७६ चें, प्रभावळीचा सुभेदार रामाजी अनंत यास. रयतेच्या भाजीच्या देठाचाही लोभ धरूं नये ही त्यांतील आज्ञा प्रसिद्ध आहे. आमच्या मुद्द्यास उपयुक्त तें त्याच्या आधींचें वाक्य: तूं इमानानें काम करण्याची क्रिया केली आहेस, याची महाराज त्यास आठवण देतात. ज्या राजाच्या हातीं हवा तेवढा दंड होता त्यानेंही आरंभ दंडापासून केला नाहीं. सुभेदाराच्या स्वतःच्या शपथेपासून केला.

आणि जेथें अपराधी स्वतःच राज्याचा धनी होऊन बसतो तेथें काय? ३० ऑगस्ट १७७३ रोजीं शनिवारवाड्यांत नारायणराव पेशव्यांचा गारद्यांनीं खून केला. रामशास्त्री प्रभुणे यांनीं या प्रकरणांत रघुनाथरावांस देहांत प्रायश्चित्त सांगितलें आणि पुणें सोडलें, ही हकीकत ग्रँट डफच्या १८२६ सालीं छापलेल्या इतिहासानें सर्वतोमुखीं केली. मूळ हुकुमांतील ‘धरावें’ चें ‘मारावें’ केल्याची गोष्टही त्यांतच आहे. त्या गोष्टींतील प्रत्येक शब्द समकालीन कागदानें तोलून घ्यावा, हें आमचें मत आहेच. परंतु ती गोष्ट महाराष्ट्राच्या स्मरणांत ज्या रूपानें राहिली तें रूप अर्थपूर्ण आहे. लोकांनीं रामशास्त्र्यांस सैन्य उभारणारा किंवा कट करणारा म्हणून लक्षांत ठेवलें नाहीं. राज्याच्या धन्याकडे त्याची कबुली मागणारा, ती न मिळतां त्याच्या राज्यांत राहण्यास नकार देणारा, म्हणून लक्षांत ठेवलें. प्रायश्चित्त ही शिक्षा नव्हे. शिक्षा दुसरा देतो, प्रायश्चित्त ज्याचें त्यानें घ्यावयाचें असतें. शास्त्रीबोवांनीं मागितलें तें एका अर्थीं यजितखतच होतें, आणि गोत जवळ नसतां तें मागण्याचें धैर्य त्यांनीं केलें, यांत त्यांचें मोठेपण आहे.

इ. स. १८१८ त पेशवाई बुडाली. एल्फिन्स्टननें जिंकलेल्या मुलुखाविषयीं १८१९ सालीं जो अहवाल केला त्यांत पंचायतीची पद्धति चालूं ठेवण्याकडे त्याचा कल दिसतो. परंतु १८२७ चे कायदे झाले आणि अदालती स्थिरावल्या, तशी ती मागें पडली. नव्या अदालतींत न्यायाधीशाचा हुकूमनामा झाला कीं काम संपलें. हरणाऱ्यास तो पटला कीं नाहीं हें कोणी विचारीत नाहीं. यांत लाभ पुष्कळ झाला. दिव्य गेलें, आणि कायद्यापुढें माणूस जातीवरून मोजूं नये हें तत्त्व पुढें आलें. जुन्या कल्पनेची एक सांवली १८७३ च्या शपथेच्या कायद्यांत राहिली होती: एका पक्षानें दुसऱ्याच्या विशेष शपथेनें बांधून घेण्याची तयारी दाखविली, तर त्या शपथेवरील साक्ष निर्णायक धरावी. १९६९ च्या नव्या कायद्यांत ती तरतूद ठेवली नाहीं. न्याय आतां मनुष्याच्या कबुलीवांचून चालतो. चालावा हें योग्यच. परंतु नीति कबुलीवांचून चालते असा त्यावरून कोणी निष्कर्ष काढूं नये.

शेवटीं संग्राहकांस व अभ्यासकांस एक विनंति. जुनें घर मोडतांना निवाडपत्र लोक जपून देतात, कारण त्यांत घराण्याचा विजय आहे. यजितखतें, फेटाळलेल्या तकरिरी, खोटे ठरलेले कागद हे मात्र निरुपयोगी म्हणून वेगळे काढले जातात. तसें होऊं देऊं नये. खोट्या ठरलेल्या सनदेवर ती खोटी ठरल्याची नोंद असेल तर ती खऱ्या सनदेइतकीच मोलाची आहे, कारण खरें काय याची चाड त्या समाजास किती होती तें तिच्यावरूनच मोजतां येतें. आणि जो नियम आम्ही पूर्वजांच्या कागदांतून काढला तो आपणांसही लागू आहे. आपण वाचलेली एखादी मिति चुकली, एखादें नांव भलतेंच लागलें, एखाद्या बनावट पत्रावर आपण सिद्धांत उभारला, असें दुसऱ्यानें दाखविलें म्हणजे गप्प बसणें सोयीचें असतें; पुढल्या लेखांत ती मिति हळूच दुरुस्त करणें त्याहून सोयीचें. परंतु वतनाच्या लोभानें भांडणाऱ्या पाटलांकडूनही ज्या समाजानें ‘मी खोटें सांगितलें’ हें वाक्य लिहून घेतलें, त्याचा इतिहास लिहिणाऱ्यांनीं तरी आपलें यजितखत, वेळ आल्यास, आपल्याच हातानें आणि आपल्याच नांवानें, ज्या पानांवर चूक छापली त्याच पानांवर लिहून द्यावें.